कॅप्शनवर ठेवलेला अंगठा

एखाद्या शहरातले सात-आठ व्यंगचित्रकार महिन्यातून एकदा दुपारी एकत्र जेवायला बसतात आणि आपापली ताजी चित्रे एकमेकांपुढे सरकवतात, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग त्यातून निघते काय? खरे सांगायचे तर काहीच निघत नाही. ठराव होत नाही, पदाधिकारी निवडले जात नाहीत, प्रदर्शनाची तारीख ठरत नाही, पाहुण्यांचा सत्कार होत नाही आणि जेवणाचे पैसेही बहुतेक वेळा ज्याचे त्यानेच दिलेले असतात. कलेला प्रोत्साहन या सदराखाली संस्था आणि सरकारे जे जे मोजतात, म्हणजे पुरस्कार, महोत्सव, कलादालने, कार्यशाळा, त्यांत अशा जेवणाला कुठेच जागा नाही. ही मोजणीच चुकीच्या टोकाकडून सुरू झाली आहे, असे माझे म्हणणे आहे. काढलेले चित्र हजारो लोकांपुढे नेण्याची सोय व्यंगचित्रकाराला आज पूर्वी कधी नव्हती इतकी आहे. मात्र ते चित्र लोकांपुढे जाण्याआधी पाहणारे जाणते डोळे त्याच्या आसपासून नाहीसे झाले आहेत, आणि अशा टेबलाखेरीज ते आता त्याला फारसे कुठे भेटत नाहीत.

पूर्वी हे डोळे नोकरीबरोबर फुकट मिळत. वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्या व्यंगचित्रकाराचा रफ, म्हणजे चित्राचा कच्चा आराखडा, येता-जाता कुणीही पाहत असे. बातमीदार सांगे की मंत्री चष्मा लावत नाहीत, उपसंपादक कॅप्शनमधला एक शब्द कापे, आणि शेजारच्या टेबलावरचा दुसरा चित्रकार काहीही न बोलता नुसती भुवई उंचावत असे, तीच टीका सर्वांत जास्त लागत असे. आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे काही काळ मुंबईच्या फ्री प्रेस जर्नल या दैनिकात सहकारी होते. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले आणि १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात बंद झालेले 'शंकर्स वीकली' हे साप्ताहिक जितके नियतकालिक होते तितकीच ती एक शाळा होती. अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन अशी पुढे स्वतंत्र ओळख मिळवलेली माणसे तिथून गेली, आणि त्यांची रेषा एकमेकांसारखी मुळीच नव्हती. एकाच खोलीत बसल्याने हात सारखे होतात ही भीती किती निराधार आहे, हे यावरून दिसते.

ती खोली आता राहिलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वृत्तपत्रांत सुमारे २,००० संपादकीय व्यंगचित्रकार होते आणि पगारी नोकरीतले ४० सुद्धा उरलेले नाहीत, असे हर्ब्लॉक या व्यंगचित्रकाराच्या नावाने चालणाऱ्या अमेरिकेतल्या हर्ब्लॉक फाउंडेशनने २०११ मध्येच नोंदवले होते. न्यू यॉर्क टाइम्सने एका चित्रावरून वादळ उठल्यानंतर १ जुलै २०१९ पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली दैनंदिन राजकीय व्यंगचित्रेच बंद केली. एका चुकीच्या चित्राची शिक्षा अख्ख्या कलाप्रकाराला देण्याचा हा न्याय मला आजही उमगलेला नाही. चुकीचा अग्रलेख छापला गेला म्हणून कुणी अग्रलेख बंद केल्याचे ऐकिवात नाही. जुलै २०२३ मध्ये मॅक्लॅची या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाने पत्रकारितेतले पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी घरी पाठवले. या बातम्यांवर जे लिहिले गेले त्यात पगाराचा, प्रतिष्ठेचा आणि लोकशाहीचा उल्लेख होता, आणि तो योग्यच होता. शेजारचे टेबल गेले याचा उल्लेख मात्र क्वचितच कुणी केला.

आज घरी एकटा बसून काढणाऱ्या चित्रकाराला प्रतिसाद मिळत नाही असे नाही. उलट तो तासाभरात मिळतो, पण तो दोनच जातींचा असतो. चित्रातले मत पटले तर वर केलेला अंगठा, आणि न पटले तर शिवी. या दोहोंपैकी कुणीही चित्राबद्दल बोलत नाही. डाव्या कोपऱ्यातली गर्दी कमी करायला हवी होती, अर्कचित्रात, म्हणजे चेहऱ्याची ठेवण फुगवून काढलेल्या चित्रात, नाक मोठे केले पण माणसाची खरी खूण त्याच्या खांद्यांत होती, हे सांगणारा आवाज त्या गोंगाटात नसतो. परिणामी चित्रकार हळूहळू टाळ्यांच्या दिशेने काढू लागतो. कोणत्या माणसाला फटका मारला की अंगठे वाढतात हे त्याला कळते, आणि फटका चांगला बसला की नाही हे पाहणारे कुणी नसल्याने तो तोच तोच फटका मारत राहतो. एखाद्या लोकप्रिय व्यक्तीचे निधन झाले की दुसऱ्या दिवशी स्वर्गाच्या दाराची किती चित्रे येतात ते पाहावे. त्यातल्या प्रत्येकाला आपली कल्पना स्वतःचीच वाटलेली असते, कारण शेजारी बसून 'अरे, हेच मीही काढले होते आणि फाडून टाकले' असे सांगणारा कुणी नव्हता.

मी स्वतः व्यंगचित्रकार नाही. वृत्तपत्राच्या संपादकीय पानावर बरीच वर्षे काम केल्यामुळे अशा एका टेबलावर मला अधूनमधून बसू देतात, तेही मी बोलायचे नाही या बोलीवर. तिथले नियम कुणी लिहून काढलेले नाहीत, पण पाळले जातात. चित्रे आधी, जेवण नंतर, कारण तेलकट बोटांनी कुणाच्या ओरिजिनलला हात लावणे हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा आहे. ज्याचे चित्र आहे त्याने तोंड उघडायचे नाही, कारण छापल्यावर तो वाचकाच्या शेजारी बसून समजावून सांगणार नसतो. आणि चित्र हातात आले की पहिल्यांदा कॅप्शनवर अंगठा ठेवून पाहायचे. अंगठ्याखाली शब्द झाकले गेल्यावर चित्रात काहीच उरले नाही तर तो विनोद लिहिलेला आहे, काढलेला नाही, असे तिथले मत आहे. मला ते थोडे कडक वाटते, कारण शब्दांवरच उभी असलेली उत्तम हास्यचित्रेही मी पाहिली आहेत. पण परीक्षा म्हणून तिला तोड नाही.

एका दुपारी पाहिलेली गोष्ट सांगतो. चित्रात एक पूल मधोमध कोसळलेला होता, दोन्ही काठांवर चौकशी समितीचे सदस्य उभे होते आणि मधली पोकळी त्यांनी फायली एकावर एक रचून भरत आणली होती. खाली कॅप्शन होती, 'काम प्रगतिपथावर आहे.' अंगठा ठेवल्यावर चित्र तसेच उभे राहिले, म्हणून कॅप्शन गेली. एका सदस्याच्या बॅगेवर 'चौकशी समिती' असे लिहिलेले होते. फायली दिसत असताना ते कशाला, असे कुणीतरी म्हणाले, आणि तेही गेले. मग एक बाई म्हणाल्या की नजर डावीकडून शिरते आणि पहिल्यांदा फायलींवरच आदळते, त्यामुळे पूल पडला आहे हे कळण्याआधीच विनोद फुटतो. चित्रकाराने कागद उचलून खिडकीच्या उजेडासमोर उलटा धरला, मागच्या बाजूने सगळ्यांनी पाहिले, आणि खरोखरच उलट्या बाजूने ते चित्र जास्त चांगले वाचता येत होते. शेवटी टेबलावरचे सर्वांत वयस्कर गृहस्थ, जे पॉकेट कार्टून, म्हणजे वृत्तपत्रातले एका स्तंभाचे छोटे व्यंगचित्र, सोडून दुसरे काही काढत नाहीत, कोपऱ्यातल्या सायकलवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'हा नुसता बघत का उभा आहे? त्याला कामावर जायचे आहे. त्याचे पुढचे चाक फायलींवर चढवा.' एवढेच. आळशी समितीवरचे बरे चित्र एका वाक्यात त्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाचे चित्र झाले. यात जेमतेम दहा मिनिटे गेली असतील, आणि हे काम कोणताही पुरस्कार किंवा कोणतीही शिष्यवृत्ती करू शकली नसती.

टेबलाभोवती व्यंगचित्र घडण्याची परंपरा या कलाप्रकाराइतकीच जुनी आहे, पण तिची एक बाजू सावध करणारी आहे. 'कार्टून' या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो लंडनच्या 'पंच' साप्ताहिकामुळे. १८४३ मध्ये संसदभवनाच्या भिंतींसाठी मागवलेल्या भित्तिचित्रांच्या आराखड्यांचे, म्हणजे मूळ अर्थाने 'कार्टून्स'चे, प्रदर्शन भरले होते. त्याची खिल्ली उडवत जॉन लीच यांनी आपले चित्र 'कार्टून क्रमांक १' म्हणून छापले आणि शब्द कायमचा पळवला. या 'पंच'ची मंडळी दर आठवड्याला एका टेबलावर जेवत. कादंबरीकार थॅकरेंसह अनेकांनी आपली आद्याक्षरे त्या लाकडात कोरली आहेत. पण त्या जेवणात चित्रे दाखवली जात नसत. पुढच्या अंकाच्या मुख्य चित्राचा विषय तिथे सर्वानुमते ठरे, आणि चित्रकाराने तो ठरलेला विषय काढून आणायचा असे. जॉन टेनियल यांनी या पद्धतीने पन्नास वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. पदावरून दूर झालेल्या जर्मन चान्सलर बिस्मार्कला निरोप देणारे त्यांचे १८९० चे जगप्रसिद्ध चित्र घ्या. जहाजाच्या शिडीवरून उतरणाऱ्या नावाड्याची ती कल्पनाही त्यांची नव्हती, एका सहकाऱ्याची होती. चित्र भव्य आहे, रेषा निर्दोष आहे, आणि तरीही त्या काळातली त्यांची बरीच राजकीय चित्रे एका पाठोपाठ पाहिली तर ती समितीने काढल्यासारखी वाटतात, कारण ती समितीनेच ठरवलेली होती.

म्हणून टेबलाचे समर्थन करताना मी एक रेघ जाड काढतो. टेबलाने विषय देऊ नये आणि मत देऊ नये. चित्र आले की ते कसे वाचले जाते एवढेच सांगावे. या दृष्टीने मला 'द न्यू यॉर्कर' या अमेरिकी नियतकालिकाभोवती वाढलेली प्रथा अधिक जवळची वाटते. कित्येक दशके तिथले व्यंगचित्रकार आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, बहुतेक काळ मंगळवारी, आठ-दहा चित्रांचा गठ्ठा घेऊन संपादकाला भेटत आणि नंतर एकत्र जेवायला जात. गठ्ठ्यातले एखादे चित्र घेतले गेले तर तो चांगला आठवडा. म्हणजे त्या जेवणाला बसलेले बहुतेक जण नुकतेच नाकारले गेलेले असत, आणि प्रत्येकाच्या बॅगेत परत आलेली चित्रे असत. नकार पचवण्यासाठी यापेक्षा चांगली संगत मिळणे कठीण आहे. आपले नाकारलेले चित्र ज्याला उघड दाखवता येते त्याला पुढचे चित्र काढता येते. ज्याला ते लपवावे लागते तो पुढच्या वेळी स्वतःच स्वतःला नाकारून सुरक्षित विषय निवडतो.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. कल्पना चोरीला जाईल हा पहिला. तो खोटा नाही, चोऱ्या होतात. पण कायदा इथे मदतीला येत नाही, हे आक्षेप घेणारे विसरतात. कॉपीराइट प्रत्यक्ष काढलेल्या चित्राला मिळतो, त्यामागच्या कल्पनेला मिळत नाही; फायलींचा पूल दुसऱ्याने आपल्या हाताने काढला तर न्यायालयात जाऊन काही उपयोग नाही. कल्पनेची मालकी शाबूत ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे समव्यावसायिकांची आठवण. ज्या सात जणांनी एखादी कल्पना पहिल्यांदा कुणाच्या हातून पाहिली त्यांच्यासमोर ती उचलून दुसऱ्याने छापणे अवघड असते. एकट्याने तिजोरीत ठेवलेल्या कल्पनेला साक्षीदार नसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अशी टेबले बघता बघता कंपू होतात, आणि कोण बसले आहे यापेक्षा कोण बसलेले नाही हे पाहायला हवे. अमेरिकेतली नॅशनल कार्टूनिस्ट्स सोसायटी १९४६ मध्ये स्थापन झाली ती फक्त पुरुषांची म्हणून. व्यंगचित्रकार हिल्डा टेरी यांनी सदस्यत्व मागितले तेव्हा सभासदांत जुंपली, अल कॅप यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला, आणि अखेर १९५० मध्ये दार उघडले. पुरुषमंडळी एकत्र आली की मोकळेपणाने बोलतात, त्यात बाई आली तर ते मोकळेपण जाईल, अशी तेव्हाची सबब होती. मी ज्या टेबलाबद्दल बोलतो आहे तिथेही डाव्या बाजूने शिरणारी नजर एका बाईंनी दाखवली नसती तर त्या दिवशी ती कुणालाच दिसली नसती, हे मी नमूद करून ठेवतो. वगळणुकीचा आजचा प्रकार वेगळा आहे. व्यंगचित्रांवर पोट चालत नसल्याने बहुसंख्य तरुण चित्रकार दुसरीकडे नोकरी करतात, आणि कामाच्या दिवशी दुपारी दोन तास काढणे त्यांना शक्य नसते. मोबाइलवर बोटाने काढणाऱ्यांना, स्ट्रिप (चित्रपट्टी) किंवा मीम करणाऱ्यांना हे जुने लोक आपल्यात घेतील का, ही शंका असते, आणि ती नेहमीच अनाठायी नसते. जेवण सुट्टीच्या दिवशी ठेवावे, दर वेळी एक खुर्ची नव्या माणसासाठी रिकामी ठेवावी, आणि पहिले चित्र त्याचे पाहावे, एवढे केले तरी बराच फरक पडतो.

एकटेपणाला आणखी एक किंमत आहे, आणि ती रेषेच्या पलीकडची आहे. सीरियात ऑगस्ट २०११ मध्ये व्यंगचित्रकार अली फरजात यांना पळवून नेऊन त्यांचे हात मोडण्यात आले. मलेशियात व्यंगचित्रकार झुनार यांच्यावर २०१५ मध्ये ट्वीटवरून राजद्रोहाचे नऊ आरोप ठेवण्यात आले. ते २०१८ मध्ये मागे घेतले गेले. चित्रकाराला गप्प करायचे असेल तर तो एकटा असणे सोयीचे असते. अर्थात टेबल म्हणजे कवच, असे म्हणण्याची हिंमत ७ जानेवारी २०१५ नंतर कुणी करू नये. त्या दिवशी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकाची संपादकीय बैठक चालू असतानाच हल्ला झाला, आणि बारा मृतांमध्ये पाच व्यंगचित्रकार होते. तरीही रोजच्या, लहान प्रमाणातल्या दबावांच्या बाबतीत, म्हणजे धमकीचा फोन, अचानक बंद झालेले मानधन, कुणीतरी दाखल केलेली तक्रार, अशा वेळी पहिला विचारपूस करणारा माणूस कोण हा प्रश्न उरतोच. महिन्याच्या जेवणाला एखादा न सांगता आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. बड्या संघटनेच्या पत्रकाला यायला आठवडा लागतो.

मग सार्वजनिक पैशाने या टेबलांना मदत करावी का? माझे उत्तर आहे, फारशी करू नये. अनुदान आले की अध्यक्ष येतो, अध्यक्षाबरोबर व्यासपीठ येते, व्यासपीठावर भाषण येते, आणि भाषण सुरू झाल्यावर चित्रांचा गठ्ठा कुणी उघडत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांनी दुपारची एक उजेडाची खोली आणि मोठे टेबल महिन्यातून एकदा विनाशुल्क द्यावे, शक्य झाल्यास जुन्या व्यंगचित्रांचे बांधीव अंक त्या दिवशी कपाटाबाहेर काढून ठेवावेत, आणि एवढ्यावर थांबावे. खरे देणे वृत्तपत्रांचे आहे. ज्यांनी शेजारचे टेबल काढून घेतले त्यांनी निदान फ्रीलान्स चित्राचे मानधन वेळेवर द्यावे, आणि आपल्या संपादकीय पानाच्या प्रमुखाला अधूनमधून या जेवणाला पाठवावे. त्याने त्या दिवशी एकही चित्र मागू नये, एकही सूचना करू नये, फक्त पाहावे. आपल्याकडचे संपादक अग्रलेखातले अर्धविराम पारखून घेतात, पण चित्र कसे वाचावे हे त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे.

मी पान सांभाळत होतो तेव्हा एका व्यंगचित्रकाराचे चित्र तीनदा परत पाठवले होते. तिन्ही वेळा माझा शेरा एकच होता: थोडे सौम्य करा. काय सौम्य करायचे हे मी सांगितले नाही, कारण ते मलाही माहीत नव्हते. त्याने आधी नेत्याच्या चेहऱ्यावरचे भाव पुसले, मग त्याच्या पायाखाली चेपलेला माणूस वगळला, मग आणखी काही वगळले, आणि चौथे चित्र आम्ही छापले. त्यावर एकही पत्र आले नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच टेबलावर त्याने एकदा पहिला रफ आणि छापलेले चौथे चित्र शेजारी शेजारी ठेवले. चौथ्याच्या कॅप्शनवर कुणीतरी अंगठा ठेवला, आणि चित्रात नुसती खुर्ची उरली. पहिल्याकडे मात्र सगळे बराच वेळ पाहत राहिले. शेवटी एक जण म्हणाला की हे चित्र कडक कधीच नव्हते, ते फक्त दाटीचे झाले होते. मागची मोठी खुर्ची वगळून पायाखालचा माणूस ठेवला असता तर कुणीही छापले असते. ज्याला मी इतकी वर्षे 'सौम्य' म्हणत आलो ते मला वाचता न आलेल्या गोष्टीचे नाव होते, हे तेव्हा लक्षात आले, पण बोलायचे नाही ही बोली असल्याने मी गप्प राहिलो. जेवण आले तसे त्याने पहिला रफ काळजीपूर्वक फोल्डरमध्ये ठेवला. चौथे चित्र टेबलावरच राहिले. वाढणाऱ्या मुलाने ते उचलून विचारले, 'हे कुणाचे?' आणि चित्रकाराने माझ्याकडे बोट दाखवले.